तीनशे तेराचा घसारा

लंडनच्या उत्तरेकडच्या उपनगरांतून थेट शहराच्या पोटात शिरणाऱ्या एका लोकलबद्दल माझं मत बरीच वर्षं ठाम होतं. ही गाडी भंगारात काढावी, तीही आजच्या आज. हे मत मी जेवणाच्या टेबलावर तावातावाने मांडलंय, ऑफिसात मांडलंय, आणि प्रवाशांसाठी काढलेल्या एका सर्वेक्षणात ‘आणखी काही सांगायचं आहे का?’ या रकान्यात जागा पुरली नाही म्हणून समासातही लिहिलंय. आता ते मत माझं राहिलेलं नाही. वयोमानाने जुन्या वस्तूंबद्दल जे प्रेम दाटून येतं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तसं प्रेम मला आजही वाटत नाही. घरातला वीस वर्षांचा मिक्सर टाकून दिला तेव्हा मी डोळे पुसले नव्हते.

गाडीचं नाव क्लास ३१३. ब्रिटनमध्ये रेल्वेगाडीच्या प्रत्येक जातीला असा आकडा असतो आणि शौकीन मंडळी नुसत्या आकड्यानेच बोलतात, ‘आज थ्री-वन-थ्री आली.’ यॉर्कच्या सरकारी कारखान्यात १९७६ आणि १९७७ या दोन वर्षांत तिचे ६४ संच बांधले गेले. एका संचात तीन डबे. गर्दीच्या वेळी दोन संच जोडून सहा. वेग जास्तीत जास्त ताशी ७५ मैल, म्हणजे १२० किलोमीटर. ब्रिटिश रेल्वेच्या विजेच्या लोकल गाड्यांची जी नवी पिढी सत्तरच्या दशकात आली, तिच्यातली ही थोरली. तिच्याआधी या मार्गावर डिझेलच्या गाड्या धूर सोडत जात. दक्षिण लंडनमध्ये तर बाकड्याबाकड्यापाशी एकेक दार, आणि ते उतारूने स्वतःच्या हाताने धाडकन लावायचं, अशा गाड्या २००५ पर्यंत धावत होत्या. त्या मानाने सरकत्या दारांची ही गाडी तिच्या उमेदीच्या काळात झकपक दिसत असणार. मी तिला पाहिलं तेव्हा तो काळ केव्हाच सरला होता.

पामर्स ग्रीनला आमचं घर आणि मूरगेटला माझी नोकरी. डोंबिवलीत वाढलेल्या बाईला गर्दीची धास्ती नसते, त्यामुळे माझी तक्रार गर्दीची नव्हतीच. उन्हाळ्यात डबा तापायचा, आणि खिडकीची वरची फळी पाडली तर बोगद्यातला आवाज असा आत घुसायचा की शेजारच्याशी बोलायची सोय उरायची नाही. हिवाळ्यात सीटखालचा हीटर पोटऱ्या भाजायचा आणि खांदे गारच्या गार. दारांच्या चौकटींवर रंगाचे इतके थर चढले होते की एखादा टवका उडाला की खालून मागच्या कंपनीचा रंग डोकवायचा. इंग्लंडात येऊन हेच बघायचं होतं तर मध्य रेल्वे काय वाईट होती, असं मी म्हणायचे. ऐकणारे हसायचे. मी मात्र ते विनोदाने म्हणत नव्हते.

माझा व्यवसाय हिशेबाचा. कोणतीही मोठी वस्तू दिसली की आधी तिचं आयुष्य किती धरलंय आणि त्यातलं किती उरलंय, हे डोक्यात येतं. इथे लोकलच्या डब्याचं आयुष्य साधारण तीस-पस्तीस वर्षांचं धरतात, आपल्याकडे पंचवीस. सरळ रेषेने दर वर्षी ठरावीक घसारा लावत गेलं, तर २००६ च्या आसपास ही गाडी माझ्या वहीत शून्यावर येत होती. त्यात नव्वदच्या दशकाच्या मध्यात इथल्या रेल्वेचं खासगीकरण झालेलं. सगळे डबे तीन भाडेकंपन्यांच्या मालकीचे झाले आणि गाड्या चालवणाऱ्या कंपन्या ते त्यांच्याकडून भाड्याने घेऊ लागल्या. मला त्यात सगळा डाव उघड दिसायचा. जिची किंमत वसूल होऊन गेली आहे अशा वस्तूचं भाडं येत राहत असेल, तर ती बदलायची घाई कोणाला? माझ्या टेबलावरच्या भाषणाचा हा कळसाचा मुद्दा असायचा आणि त्यानंतर सहसा कोणी काही बोलायचं नाही.

बोलला तो माझा थोरला भाऊ. दादा मध्य रेल्वेत मोटरमन. ते दिवस मुंबईतल्या मोठ्या बदलाचे होते. १९२५ च्या फेब्रुवारीत व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची लोकल धावली तेव्हापासून मुंबईत १५०० व्होल्टची डीसी वीज होती. ती काढून सगळीकडे २५,००० व्होल्टची एसी आणायचं काम टप्प्याटप्प्याने चाललं होतं. अर्धा मार्ग या विजेवर, अर्धा त्या विजेवर, म्हणून दोन्हींवर चालणारे एसी-डीसी रेक आणले होते आणि दादाच्या बोलण्यात दुसरा विषय नसायचा. मी फोनवर माझ्या गाडीची नेहमीची निंदा सुरू केली. त्याने मध्येच थांबवलं.

“बोगद्यात तुझ्या गाडीला वीज कुठून मिळते?”

“खालून. रुळाशेजारी तिसरा रूळ असतो, त्यातून.”

“आणि बाहेर?”

“बाहेर वर तार आहे. आपल्यासारखी.”

“म्हणजे दोन विजेची गाडी आहे. मग पॅन कुठे खाली घेतात?”

मला माहीत नव्हतं.

“अगं, रोज बसतेस ना तिच्यात?” दादा म्हणाला, आणि मला जरा झोंबलंच.

दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्र पिशवीतच ठेवलं. बदल होतो तो ड्रेटन पार्क नावाच्या स्टेशनात, बोगद्याच्या तोंडाशी, आर्सेनलच्या नव्या फुटबॉल मैदानाच्या कुशीत. तिथे फलाटाशी दोन्ही विजा हजर असतात, वर तार आणि खाली तिसरा रूळ. गाडी थांबते, दारं उघडतात, दोन-चार माणसं चढतात. तेवढ्यात डब्याखालची घरघर बंद पडते. फलाटावर उतरून मधल्या डब्याच्या टपाकडे पाहिलं, तर तारेतून वीज घेणारा पँटोग्राफ, दादाचा ‘पॅन’, कोपरात दुमडून टपावर टेकलेला दिसतो. क्षणभर गाडी बॅटरीवर असते, तिच्या दुसऱ्या टोकाच्या डब्याच्या अधिकृत नावातच बॅटरी आहे. मग घरघर पुन्हा सुरू होते, या खेपेला खालच्या रुळातून आलेल्या ७५० व्होल्टच्या डीसीवर, आणि गाडी उतारावरून बोगद्यात शिरते. परतताना याच्या उलट. हे सगळं माणसं चढण्या-उतरण्याच्या वेळातच उरकायचं आणि डब्यात एकही मान वर व्हायची नाही. माझीसुद्धा इतकी वर्षं झाली नव्हती.

दादाला कळवलं. त्याचे पुढचे प्रश्न तयारच होते आणि त्यांची उत्तरं द्यायची म्हणून मी वाचायला लागले. ट्रान्सफॉर्मर कुठल्या डब्यात? मधल्या, पँटोग्राफच्या खाली. तिथेच २५,००० व्होल्ट उतरवून त्याची डीसी होते. मोटरी किती? आठ, दोन्ही टोकांच्या डब्यांखाली मिळून, आणि त्यांना वीज वरून आली की खालून याच्याशी काही देणंघेणं नाही. तारेची आणि तिसऱ्या रुळाची अशा दोन्ही विजा घेणारी ब्रिटिश रेल्वेची ही पहिली लोकल. सत्तरच्या दशकात, मुंबईत दोन विजेचे रेक यायच्या कितीतरी आधी. “मग भंगार कशाला म्हणतेस?” दादाने विचारलं. मी म्हटलं, “सीट वाईट आहेत.” ते खरंच होतं, पण उत्तर म्हणून लंगडं होतं, हे मलाही कळत होतं.

खरी गंमत बोगद्याची. मी समजत होते की गाडी जुनी आणि बोगदा तिच्याहून थोडा जुना. बोगदा १९०४ चा निघाला. ग्रेट नॉर्दर्न अँड सिटी रेल्वे नावाच्या कंपनीने फिन्सबरी पार्क ते मूरगेट असा तो खोदला तेव्हा त्याचा व्यास मुद्दाम १६ फूट ठेवला. लंडनच्या इतर खोल ट्यूब बोगद्यांचा व्यास अकरा-बारा फुटांचा असायचा. एवढा मोठा खर्च कशासाठी, तर उत्तरेच्या मुख्य मार्गावरच्या मोठ्या गाड्या उपनगरांतून थेट शहरात याव्यात म्हणून. पण मुख्य मार्गाची मालक असलेली ग्रेट नॉर्दर्न रेल्वे आणि ही बोगदा कंपनी यांचं फाटलं. रूळ जोडलेच गेले नाहीत. बोगदा फिन्सबरी पार्कच्या स्टेशनाखाली येऊन थांबला. वरून मुख्य मार्गाच्या गाड्या, खालून बोगद्यातल्या, आणि उतारूंनी मधल्या जिन्यांवरून धापा टाकत चढायचं.

या कंपनीने स्वतःचं वीजघर हॉक्स्टनमध्ये पूल स्ट्रीटवर बांधलं होतं. पुढे ते बंद पडलं आणि त्याच इमारतीत सिनेमाचा स्टुडिओ झाला. हिचकॉकने ‘द लेडी व्हॅनिशेस’ तिथे चित्रित केला, बहुतेक गोष्ट रेल्वेगाडीत घडणारा सिनेमा. हे विषयाला सोडून आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तर त्या ऐसपैस बोगद्यातून सत्तर वर्षं आखूड पल्ल्याच्या गाड्या धावल्या. आधी मेट्रोपॉलिटन रेल्वेने तो मार्ग विकत घेतला, मग तो लंडन ट्रान्सपोर्टकडे गेला. तीसच्या दशकात त्याला उत्तरेच्या मार्गांशी जोडायची योजना ठरली. युद्ध आलं आणि ती बासनात गेली. १९६४ मध्ये व्हिक्टोरिया लाइनला जागा हवी म्हणून फिन्सबरी पार्कचे फलाटही काढून घेतले आणि उरलेला तुकडा ड्रेटन पार्कलाच संपू लागला. शेवटी १९७५ च्या ऑक्टोबरात लंडन ट्रान्सपोर्टने तो बंद केला आणि ब्रिटिश रेल्वेने ताब्यात घेतला. १९७६ च्या ऑगस्टमध्ये पहिली ३१३ त्यात उतरली आणि नोव्हेंबरात वेल्विन आणि हर्टफर्डपासून थेट मूरगेटपर्यंत गाड्या सुरू झाल्या. म्हणजे १९०४ मध्ये ज्या कामासाठी तो बोगदा खोदला, ते काम बहात्तर वर्षांनी सुरू झालं, आणि ते करणारी गाडी मी रोज शिव्या घालत होते ती.

बोगदा ट्यूबच्या मानाने मोठा असला तरी मोठ्या गाडीला तंगच. वीस मीटर लांबीचा डबा त्यात असा बसतो की बाजूने माणूस बाहेर पडू शकत नाही. वर तार टांगायला जागा नाही म्हणून तिसरा रूळ. बाजूने उतरता येत नाही म्हणून गाडीच्या दोन्ही तोंडांना मधोमध दार. प्रसंग ओढवलाच तर तिथून शिडी लावून रुळांवर उतरायचं. ड्रायव्हरच्या केबिनला दोन खिडक्यांच्या मध्ये ते दार असल्यामुळे गाडीचा चेहरा सपाट आणि थोडा बावळट दिसतो. मी त्या चेहऱ्याचीही टिंगल केलेली आहे. बोगीपाशी एक छोटी लोखंडी दांडी असते, तिला ट्रिपकॉक म्हणतात. सिग्नल लाल असताना गाडी पुढे गेलीच, तर रुळाशेजारी उभा राहिलेला खटका त्या दांडीला लागतो आणि ब्रेक आपोआप लागतात. बोगद्यात ही व्यवस्था लंडनच्या भुयारी रेल्वेची होती, म्हणून मुख्य मार्गाच्या या गाडीला ती मुद्दाम बसवावी लागली.

मूरगेटचा इतिहास ठाऊक असलेल्याला त्या दांडीचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. २८ फेब्रुवारी १९७५ च्या सकाळी, कामावर जायच्या वेळी, ड्रेटन पार्कहून आलेली लंडन ट्रान्सपोर्टची गाडी नऊ नंबरच्या फलाटाशी थांबलीच नाही. ती पुढच्या आंधळ्या बोगद्याच्या भिंतीवर आदळली. ड्रायव्हरसह ४३ माणसं गेली. ड्रायव्हरने ब्रेक का लावले नाहीत, हे कधीच ठरलं नाही. त्यानंतर आंधळ्या टोकाच्या स्टेशनांत शिरणाऱ्या गाडीचा वेग जास्त असेल तर तिला आधीच अडवणारी यंत्रणा भुयारी रेल्वेवर बसवली गेली. तिचं नावच मूरगेट कंट्रोल पडलं. अपघातानंतर दीड वर्षाने त्याच फलाटावर ३१३ येऊ लागली. मी वर्षानुवर्षं नऊ आणि दहा नंबरच्या फलाटांवर उतरले आणि २०१३ मध्ये फिन्सबरी स्क्वेअरमध्ये स्मारक उभं राहीपर्यंत मला यातलं काही माहीत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत सँडविच खायला मी त्या चौकात जायचे. दगडावरची नावं वाचली आणि त्या दिवशी सँडविच तसंच परत आणलं.

तर माझ्या वहीतल्या शून्याचं काय करायचं? मी पुन्हा हिशेब मांडला. या मार्गाला गाडी हवी ती दोन विजांची, त्या बोगद्याच्या मापाची, तोंडाला दार असलेली, ट्रिपकॉक असलेली, आणि दर दोन-तीन मिनिटांनी येणाऱ्या स्टेशनांतून चटकन वेग घेणारी. अशी दुसरी जात तेव्हा देशात नव्हतीच. हिच्या सख्ख्या बहिणी होत्या: ग्लासगोची ३१४, लिव्हरपूल स्ट्रीटहून सुटणारी ३१५, लिव्हरपूलच्या मर्सीसाइडची ५०७, आणि दक्षिण लंडनमध्ये सुरुवात करून तिकडेच गेलेली ५०८. हिला धरून सगळ्या मिळून २१७ संच, सगळ्या एकाच नमुन्यावरून घडलेल्या, चेहरेही तसेच. पण एकीला तारच हवी, दुसरीला तिसरा रूळच. ३१३ चं काम त्यांच्यातली एकही करू शकत नव्हती. ‘नवी गाडी आणा’ म्हणणं सोपं होतं. नवी म्हणजे दुकानातून उचलून आणलेली चालणार नव्हती, याच भोकासाठी शिवून घ्यावी लागणार होती. भाडेकंपन्यांबद्दलचा माझा संशय यामुळे नाहीसा झाला असं नाही. त्यांना घाई नव्हती हे मी आजही म्हणते. पण गाडी टिकून राहण्यामागे लोभ हे एकच कारण मी धरलं होतं, ते मात्र पुरेसं उरलं नाही.

एवढ्यावर मी ३१३ ची भक्त होऊन गेले असते आणि हा लेख निम्म्यावर संपला असता. तसं झालं नाही, कारण आम्ही घर बदललं. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही दक्षिणेला समुद्रकाठी वर्दिंगला आलो, आणि स्टेशनात गेले तर फलाटावर तोच बावळट चेहरा.

६४ संचांतले १९ संच २०१० मध्ये या किनाऱ्यावर आणले होते. आधी ते लंडनच्या वॉटफर्ड आणि नॉर्थ लंडन मार्गांवर होते. तिथे नव्या गाड्या आल्यावर ते मोकळे झाले. किनाऱ्यावरच्या बऱ्या, वातानुकूलित गाड्या लंडनकडच्या गर्दीसाठी हव्या होत्या, त्या तिकडे गेल्या आणि त्यांच्या जागी या आल्या. ब्रायटनहून पोर्ट्समथपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने हा मार्ग जातो: शोरम, वर्दिंग, बार्नम, चिचेस्टर, हॅवंट. सगळीकडे तिसरा रूळ, तार कुठेच नाही. म्हणून पँटोग्राफ काढून टाकलेले. खोल बोगदा नाही, म्हणजे तोंडाचं दार नुसतं वारा आत सोडायला. आणि मूरगेटच्या छोट्या फेऱ्यांसाठी बांधलेली गाडी असल्यामुळे संडास नाही, तो कधीच नव्हता. इथे तीच गाडी म्हाताऱ्या माणसांना, पोरांना, बॅगा घेतलेल्या माणसांना दीड तास बसवून नेत होती.

लोक चिडले होते, वर्तमानपत्रांत लिहीत होते, आणि नव्यानेच आलेली मी त्यांना शहाणपण शिकवायला गेले. शेजारच्या बाई, सत्तरीच्या पुढच्या, संडासाचा विषय काढून बोलत होत्या. मी म्हटलं, आमच्या मुंबईत कसाऱ्याहून निघणारी लोकल अडीच तास धावते, तिच्यातही नसतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग तिथल्या बायकांना ते बरं वाटतं का?”

मला आईची आठवण झाली. कसाऱ्याच्या मावशीकडे जायचं असलं की ती सकाळपासून चहा टाळायची. हे मी लहानपणापासून पाहिलेलं, पण ते कधी तक्रार म्हणून कानावर आलं नव्हतं. मी काही उत्तर दिलं नाही.

माझं मत पक्कं झालं ते इथे, वर्दिंगला. मूरगेटच्या बोगद्यात जी गाडी जागच्या जागी होती, तीच इथे अवघडल्यासारखी दिसायची. वय दोन्हीकडे तेवढंच होतं, रंग इथे उलट नवा होता, सीटही नव्या कापडाच्या होत्या. पण तिच्यात जे जे म्हणून विचारपूर्वक घडवलं होतं, ते सगळं इथे बिनकामाचं, आणि जे इथे हवं होतं, ते तिच्यात नव्हतं. घसाऱ्याच्या रकान्यात ही गोष्ट बसत नाही. तिथे वर्षं मोजतात. गाडी कुठल्या मार्गावर उभी आहे, याला तिथे जागाच नाही. माझा सगळा राग वर्षांवर होता. १९७६ ची गाडी २०१० मध्ये मूरगेटला धावत असेल तर ती मला चालायला हवी होती, आणि तीच वर्दिंगला धावत असेल तर १९७६ मध्येसुद्धा चालायला नको होती. आधी दोन्ही ठिकाणी मी एकच वाक्य म्हटलं असतं.

नवरा म्हणतो, हा हिशेबनिसाचा सूक्ष्मपणा झाला, प्रवाशाला शेवटी बरी सीट हवी असते. त्याचं चूक आहे असं मी म्हणत नाही. मूरगेटच्या मार्गावर २०१९ मध्ये सीमेन्सच्या क्लास ७१७ आल्या आणि त्या वर्षाच्या सप्टेंबरअखेर ३१३ तिथून गेल्या. पामर्स ग्रीनला मैत्रिणीकडे जाते तेव्हा मी ७१७ मध्ये बसते. सहा डबे आरपार मोकळे, वातानुकूलन, दारात गर्दी झाली तर पुढच्या डब्यात सरकता येतं. ती दहापट बरी आहे आणि ३१३ परत आणा म्हणणाऱ्यांशी माझं काडीचं जमणार नाही. पण ७१७ च्या तोंडाला मधोमध दार आहे. दोन विजा तिलाही घ्याव्या लागतात आणि ड्रेटन पार्कला ती बदल करते. संडास तिच्यातही नाही. बोगद्याने घातलेल्या अटी तिनेही मुकाट्याने मान्य केल्या आहेत, फक्त त्या झाकायला प्लास्टिक चांगलं वापरलंय.

२०२५ च्या मे महिन्यात त्या बोगद्यातले दिव्यांचे सिग्नल बंद झाले. आता ड्रायव्हरला पुढचा आदेश केबिनमधल्या पडद्यावर दिसतो. युरोपात ठरलेल्या पद्धतीने, ईटीसीएस म्हणतात ती. उपनगरी मार्गावर असं करणारा हा देशातला पहिला टप्पा. ती पद्धत इथे बसवण्याआधी हर्टफर्डच्या लूपवर कितीतरी वर्षं चाचण्या झाल्या, आणि चाचणीची गाडी म्हणून जिच्यात ती उपकरणं बसवली होती, ती ३१३ चा एक संच होती. दादाला हे फोनवर सांगितलं. तो निवृत्त झालाय, २०१६ च्या एप्रिलमध्ये हार्बरवर शेवटची डीसी लोकल धावली तेव्हाच्या आठवणी सांगत असतो. तो नुसतं “हं” म्हणाला. मोटरमनच्या तोंडून एवढं आलं की खूप झालं.

किनाऱ्यावरच्या ३१३ चा शेवटचा दिवस २९ एप्रिल २०२३. त्या दिवशी मी ब्रायटनला काही कामासाठी गेले होते आणि फलाटावर कॅमेऱ्यांची ही गर्दी. एक संच मूळच्या निळ्या-राखाडी रंगात रंगवून ठेवला होता, त्याच्यापुढे तर रांग. एक गृहस्थ डोळे पुसत होते. मला विचारलं, “तुम्हालाही वाईट वाटतंय का?” मी म्हटलं, नाही, इथून ती तेरा वर्षांपूर्वीच जायला हवी होती; किंबहुना यायलाच नको होती. ते माझ्याकडे असे पाहत राहिले की मी घाईने पुढे म्हटलं, मूरगेटला मात्र फार चांगली होती. त्यावर ते खुलले आणि आम्ही वीस मिनिटं ड्रेटन पार्कबद्दल बोललो. माझी गाडी चुकली. पुढची अर्ध्या तासाने होती.

नव्या ७१७ ला पस्तीस वर्षांचं आयुष्य धरलं, तर ती २०५४ च्या सुमाराला माझ्या जुन्या वहीप्रमाणे शून्यावर येईल. तेव्हा कोणी म्हणेल, या गाड्या अजून धडधाकट आहेत, पँटोग्राफ काढून टाका आणि समुद्रकाठच्या मार्गावर पाठवून द्या. त्या वेळी सर्वेक्षणाचा कागद आलाच आणि मी तो भरण्याइतकी शाबूत असले, तर समासापर्यंत लिहीन. मूरगेटवरच आणखी दहा वर्षं चालवायच्या म्हणाले, तर रकाना कोरा सोडीन.